एककानी, नजर इकडे

४ तारीख, सोमवार

पोचले. केसांत धूळ, कानांत धूळ, दातांखाली धूळ, पण पोचले. अर्ध्या वाटेवरून रडत परत येशील अशी दादाने पैज लावली होती, ती तो हरला. त्याला हे ऐकवायला फोन लावणार होते, पण इथे फोन फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर उभं राहिलं तरच लागतो आणि आज माझे गुडघे कुठलाही जिना चढायला तयार नाहीत. राहू दे. जिंकल्याचा आनंद एक दिवस एकटीनेच खाते.

खोली मनासारखी आहे. वर पत्रा, आत एक खाट, एक मोठं टेबल, जाळी लावलेल्या दोन खिडक्या आणि पुढे तीन पायऱ्यांचा ओटा. ओट्यावरून समोर मोकळं मैदान दिसतं, त्यापलीकडे जेवणघर, मग कुंपण आणि फाटक, आणि फाटकाच्या पलीकडे पिवळ्या गवतातून वर आलेली खडकांची टेकडी. सकाळी सूर्य त्या टेकडीमागून येईल. म्हणजे सकाळचा उजेड डोळ्यांवर आणि दुपारचा पाठीवर. फोटो काढणारीला खोली देताना याहून जास्त विचार कोणी काय करणार.

कपाटात आधीच्या फोटोग्राफरचं सामान आहे. तो काम मध्येच सोडून गेला, येईल कधीतरी न्यायला, असं या सफारी कॅम्पच्या मालकीणबाई म्हणाल्या. मला हसू आलं. कॅमेरावाला माणूस बायको विसरेल, लेन्स विसरणार नाही. सगळ्यात लांब लेन्स तळाशी, तिच्या पेटीवर बोटभर धूळ. तिच्यावर मधल्या, त्यांच्यावर लहान. आणि सगळ्यात छोटी, नाकासमोरच्या मुंगीचा फोटो काढायला वापरतात ती, कपाटात नव्हतीच. खिडकीच्या कट्ट्यावर उघडी पडली होती, तोंडावर झाकणसुद्धा नाही. मी पुसून, झाकण लावून ती तिथेच ठेवली. अशी हयगय मला बघवत नाही.

मी इथे का आले ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवते, म्हणजे पुढे अंग दुखायला लागलं की उघडून वाचता येईल. बाबांच्या स्टुडिओत मी तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, नजर इकडे, हलू नका. एक, दोन, आणि दोनवरच बटण. तीन म्हटलं की माणूस डोळे मिटतो, म्हणून तीन मी कधी म्हटलंच नाही. लहान मुलांची तर मी खास. मूल असेल तर आपण जमिनीवर बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. डाव्या हातात लांब वायरचं बटण, उजव्या हातात खुळखुळा, आणि जीभ टाळूला लावून टक्-टक् आवाज. कितीही हट्टी कार्टं असो, बघतंच. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि दादाने स्टुडिओत फोनची कव्हरं विकायला ठेवली. मला गल्ल्याशेजारी एक खुर्ची दिली. वहिनी वाईट नाही, भाचरं आत्या-आत्या करतात, जेवण गरम मिळतं. पण त्या घरात मला जागा आहे, काम नाही. मी पहाटे तळ्यावर जाऊन पाखरांचे फोटो काढायला लागले. त्यातलं एक घुबड एका स्पर्धेत पहिलं आलं. ते बघून मालकीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, घुबडाला तुम्ही खुर्चीवर बसवल्यासारखं बसवलंय, मला असाच एक चेहरा हवाय.

महिनाभर बघणार आहेत. चेहरा मिळाला तर नोकरी कायमची आणि ही खोली माझी. नाही मिळाला तर गल्ल्याशेजारची खुर्ची वाट बघतेच आहे. ती मी बघू देणार आहे, जन्मभर.

५ तारीख, मंगळवार

जेवणघराच्या एका भिंतीवर नुसते बिबटे आहेत. झाडावर लोळणारे, पिलं चाटणारे, शिकार ओढणारे. मधोमध एक रिकामा खिळा. तो एककानीचा. या भागातली सगळ्यात मोठी मादी, डावा कान मुळापासून फाटलेला. तिची पाठ, शेपूट, मागचे पाय, सगळ्यांचे फोटो आहेत. चेहरा आजवर एकालाही मिळालेला नाही. कोणी बटण दाबलं की ती मान फिरवते. मालकीणबाई पुरुषी शर्ट घालतात आणि पत्रा हलेल एवढ्या मोठ्याने हसतात, पण खिळ्याकडे बोट करताना हसल्या नाहीत.

जीप चालवतात त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगतात आणि मग आपल्याकडून म्हणवून घेतात. आजचा धडा असा: बिबट्याला गाडीतली माणसं दिसत नाहीत. त्याला एकच जनावर दिसतं, मोठं, गुरगुरणारं, घाण वासाचं, खायच्या लायकीचं नसलेलं. आपण आत बसलो की आपण त्या जनावराचे तुकडे. जनावर अखंड राहिलं पाहिजे. उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. आणि पाय खाली टेकायचा तर विचारसुद्धा नाही, कारण पाय टेकला की जनावर फुटतं आणि एक माणूस सुटं होतं. सुटं माणूस एककानी मोजून ठेवते. मी शाळेतल्या मुलीसारखं सगळं परत म्हणून दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली आणि पाठ झालं की नाही हे बघायला संध्याकाळी पुन्हा विचारलं.

८ तारीख, शुक्रवार

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चारच टिकले. पहाटे निघायचं, तेव्हा धुरकट इतकं की जीपचं नाक दिसत नाही. ऊन वर आलं की वारा सुटतो आणि धूळ उठते. धूळ लेन्सच्या कड्यात शिरते, कडं कराकरा वाजतं, आणि मी ते ब्रशने झाडत बसते तोवर समोरचं हरीण गेलेलं असतं. काल चाक वाळूत रुतलं. मास्तरांना खाली उतरता येईना, कारण गवत उंच होतं, मग त्यांनी जीप पुढे-मागे, पुढे-मागे करत तासभर हलवून बाहेर काढली. माझी कंबर अजून पुढे-मागे होते आहे.

आज मात्र ती दिसली. म्हणजे तिची पाठ दिसली. कोरड्या ओढ्याच्या काठाने चालत होती, घाई नाही, वळून बघणं नाही. अंगावरचे ठिपके इतके सुबक की कोणीतरी बसून काढलेत असं वाटावं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पहिल्यांदाच तो खाली घ्यायचं विसरले. मला ती हवी आहे.

संध्याकाळी जिना चढून दादाला फोन केला. म्हणाला, हौस फिटली असेल तर तिकीट काढतो. मी म्हटलं, हौस आत्ता लागली आहे.

१० तारीख, रविवार

जे झालं ते झालं. सरळ लिहिते.

गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि मास्तर. ऊन नुकतंच आलं होतं. ओढ्याकाठच्या सपाट खडकावर एककानी पसरली होती, मध्ये फक्त गवताचा एक पट्टा. इतक्या जवळ ती कोणाला सापडली नसेल. पण जीपवरून मला तिचं नुसतं डोकं वरून दिसत होतं, आणि ती पंजा चाटत होती, तोंड खाली. चेहरा हवा असेल तर तिच्या पातळीला जायला हवं, हे तीस वर्षांचं हाडात बसलेलं. मी कधी उतरले ते मला खरंच आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी धुळीत मांडी घालून बसले होते, कोपर जीपच्या पायरीवर, आणि माझ्या तोंडून टक्-टक् आवाज येत होता.

तिने बघितलं. सरळ माझ्याकडे. मी एक, दोन म्हटलं आणि दाबलं.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी माझी कॉलर धरून मला पोतं उचलावं तसं आत घेतलं. ती हलली नाही. आधी तिने जीपकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग माझ्याकडे. माझ्यावर नजर ठेवून थोडा वेळ बसली आणि मग उठून गवतात गेली. परत येताना मी दोनदा माफी मागितली. दोनदा सांगणारा माणूस एकदाही काही म्हणाला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आणि फोटो? खडकाचा कण न् कण स्वच्छ. छातीवरचा केस न् केस स्वच्छ. चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट फराटा. ऐनवेळी मान फिरवणाऱ्या मुलाचा येतो तसा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिने बघितलं, हे मी या डोळ्यांनी बघितलं आहे. जे एकदा बघतं ते दुसऱ्यांदा बघतंच.

११ तारीख, सोमवार

मला जीपमध्ये घेणार नाहीत. मास्तरांनी ते ओट्याखाली उभं राहून सांगितलं, मान खाली घालून. तुम्ही सुट्या झालात, म्हणाले. आता तुम्ही गाडीत बसलात की तिला गाडीत माणूस दिसणार. एक दिसलं की बाकीची दिसणार. मग या भागातली एकही गाडी सुरक्षित नाही. मी भांडले. माझी चूक मी कबूल करते, पण असली भाकडकथा सांगून मला घरी बसवायचं असेल तर तसं तोंडावर सांगा, असंही म्हणाले. मालकीणबाई मध्ये पडल्या. थोडे दिवस कॅम्पवरच थांबा, म्हणाल्या. आणि कॅमेरा उचलू नका. फोटोग्राफरला बोलावून आणायचं आणि कॅमेरा उचलू नका म्हणायचं. मी हसून घेतलं.

दुपारी जेवून ओट्यावर बसले होते. समोरच्या टेकडीवर, भर उन्हात, एककानी बसलेली. एवढ्या लांबून ठिपकाच, पण मी माझी सगळ्यात लांब लेन्स लावली तर चौकटीत नीट मावली, कानापासून छातीपर्यंत. पाठ ताठ, तोंड समोर. बसवल्यासारखी. बिबट्या दुपारच्या उन्हात उघड्यावर बसत नाही हे मलाही कळतं. पण समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची आमच्यात पद्धत नाही. एक फोटो काढला.

चेहरा पुसटच आला. पण कालच्यापेक्षा कमी. डोळे कुठे आहेत ते कळतं.

१२ तारीख, मंगळवार

आज ती फाटकाबाहेर, वाटेच्या मधोमध. दुपारचीच वेळ. लांब लेन्समधून चौकटीत मावेना, म्हणून तिच्याहून आखूड लावली. कानापासून छातीपर्यंत. पाठ ताठ.

फोटो काढला. नाक स्वच्छ आलं.

आनंदाने ओरडत जेवणघराकडे निघाले होते. खिडकीत सगळे उभे होते, पाहुणे, स्वयंपाकी, मालकीणबाई. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मैदानाच्या मध्यावरून परत फिरले.

रात्रीचं जेवण जीपमधून आलं. मास्तरांनी गाडी ओट्याला चिकटवून लावली आणि काच जराशी खाली करून, काठीच्या टोकाला डबा अडकवून माझ्या दारात ठेवला. मी म्हटलं, मास्तर, मला महारोग झालाय का? त्यांनी काच वर केली. मग काचेआडून हात जोडले.

१३ तारीख, बुधवार

आत आली आहे. कुंपण उंच आहे, फाटक बंद आहे, तार कुठे तुटलेली नाही. दुपारी डोळे उघडले तर ती मैदानात, जेवणघरासमोरच्या झाडाखाली, सावलीत नाही, सावलीच्या कडेला, जिथे उजेड चांगला आहे तिथे.

मैदानात कोणी पायी चालत नाही. स्वयंपाकघरातून जेवणघरात जायचं तरी जीप. जेवणघरातून खोलीत जायचं तरी जीप. दाराला दार लावून माणसं आत सरकतात, बाहेर सरकतात. दिवसभर ती गाडी अंगणात घोंघावते आहे. एककानीच्या शेपटीजवळून जाते, आणि ती मान वळवत नाही. तिला ते एकच जनावर दिसतं. माणूस तिला एकच दिसतं आहे.

मधली लेन्स. तेवढीच चौकट. फोटो काढला. मिशा आल्या.

तिन्ही फोटो टेबलावर ओळीने लावले. तिन्हींत ती त्याच मापाची आहे. कान वरच्या कडेला, छाती खालच्या कडेला, पासपोर्टला लागते तेवढीच जागा डोक्यावर मोकळी. लेन्स तेवढी बदलली आहे.

पाणी प्यायला कपाटाशी गेले आणि आधीच्याच्या लेन्स दिसल्या. तळाशी लांब, त्यावर मधली, त्यावर लहान. त्याने त्या ठेवल्या नव्हत्या. तो त्या क्रमाने सोडत गेला होता. लांबचीची गरज संपली, मग मधलीची. आणि सगळ्यात छोटी खिडकीत —

मी फोटो काढला की ती पुढे येते. टेकडी, फाटक, झाड. प्रत्येक फोटोला एक जागा. म्हणून म्हणाल्या होत्या, कॅमेरा उचलू नका. नीट का नाही सांगितलं?

मास्तरांनी सांगितलं होतं. दोनदा. मी भाकडकथा म्हटलं.

१४ तारीख, गुरुवार

कॅमेरा पेटीत, पेटी खाटेखाली, खाटेवर मी. कालच्या फोटोनंतर ती झाड सोडून मैदानाच्या मध्यावर आली, ती तिथेच आहे. मी फोटो काढत नाही, ती पुढे येत नाही. बरोबर ओळखलं होतं. म्हणजे मी जगणार आहे, फक्त हात आवरले पाहिजेत.

हात आवरत नाहीत, हे खरं. उजेड काय सुंदर आहे.

१५ तारीख, शुक्रवार

कॅम्प बंद करून चालले आहेत. पाहुण्यांत दोन लहान मुली आहेत, त्यांची आई काल दिवसभर रडत होती म्हणे. जीप ओट्यापाशी आणली आणि मालकीणबाई काचेआडून बोलल्या. महिन्याचं खाणं मागच्या खोलीत ठेवलं आहे, त्या दाराने मला आतल्या आत जाता येईल. वनरक्षकांना कळवलं आहे, ते पिंजरा घेऊन येतील. मी म्हटलं, मला घेऊन चला. त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. दोघी मुली एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. धाकटीने माझ्याकडे बघून हात हलवला आणि आईने तो खाली ओढला.

मी विचारलं, आधीच्यालाही असंच ठेवून गेलात का? त्या म्हणाल्या, त्यालाही सांगितलं होतं कॅमेरा उचलू नको. मग मला कशाला आणलंत? आता त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, तुमचे गुडघे दुखतात असं तुम्हीच फोनवर म्हणाला होतात. मला वाटलं, या बाई काही गाडीतून खाली उतरायच्या नाहीत.

इतक्या दिवसांत कोणी माझ्या गुडघ्यांवर एवढा भरवसा ठेवला नव्हता.

मी म्हटलं, मुलं आहेत ना आत, मग निघा. दार लावलं आणि मग रडले. त्यांच्यापुढे नाही रडले.

१६ तारीख, शनिवार

शांत आहे. टाकीचा जिना इथून दिसतो. तो तिच्या पलीकडे आहे. दादाला फोन करायचा तर तिला ओलांडून. केला असता तरी काय म्हणाला असता. सांगितलं होतं.

नाही, तसं नाही म्हणणार. धावत येईल तो. चपला उलट्यासुलट्या घालून येईल. आणि धावत येऊन या मैदानात उतरेल. नाही लागत फोन तेच बरं.

दुपारी खिडकीतून तिच्याशी बोलले. म्हटलं, बाई, बसायचंच असेल तर बस. मी तीस वर्षं स्टुलावर बसून काढली आहेत. माझ्याइतकं बसायला तुला सात जन्म लागतील. तिने कान हलवला, जो आहे तो.

तिच्याकडे बघताना एक गोष्ट कळली. ती चिडलेली नाही, भुकेली नाही. नंबर लागेपर्यंत बाकावर बसलेलं गिऱ्हाईक असतं, तसं तिचं तोंड आहे. ती फोटो काढून घ्यायला आली आहे.

१७ तारीख, रविवार

रक्षक आले नाहीत.

कॅमेरा उचलला नाही. एकदा पेटी उघडली. धूळ झाडली, बंद केली.

मी घाबरले आहे. लिहायला लाज कसली. पण घाबरणं आणि मागे हटणं या दोन गोष्टी आहेत. मागे हटायला इथे जागाही नाही, भिंत आहे.

१८ तारीख, सोमवार

मास्तर आले — एकटे — जीप घेऊन.

घाईने लिहिते. त्यांनी गाडी ओट्याला उलटी लावली, मागचं दार उघडलं. ओरडून सांगितलं, चला, गाडीत दुसरं कोणी नाही, जे व्हायचं ते माझं होईल. मी दारात आले. मधे तीन पायऱ्या. माझे गुडघे धरले. बसूनबसून आखडलेले. मी पहिल्याच पायरीवर कठड्याला लटकले.

आणि मास्तरांनी मला हात द्यायला पाय खाली टेकला.

ते. दोनदा सांगणारे ते. माझ्या गुडघ्यांसाठी.

एककानीने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावरून नजर काढली आणि त्यांच्याकडे लावली. आधी त्यांचा पाय बघितला. मग वर, हळूहळू, त्यांच्या तोंडाकडे —

मी ओरडले नाही. ओरडून कुठलं मूल बघतं? मी जीभ टाळूला लावली. टक्-टक्. टक्-टक्. नजर इकडे. इकडे गं. इकडे बघ.

बघत नव्हती. मी उलटी आत पळाले — पळाले, या गुडघ्यांनी — खाटेखालून पेटी ओढली, हाताला लागली ती लेन्स लावली, दारात येऊन जमिनीवर बसले. टक्-टक्. कॅमेरा दिसला तशी मान आली. सगळी माझ्याकडे आली. एक, दोन.

पायरीशी आली.

मास्तरांना म्हटलं, पाय आत घ्या. ते हलेनात. म्हटलं, मास्तर, मी सांगते तसं म्हणा, पाय आत घेतो. त्यांनी म्हटलं. परत म्हणा. त्यांनी परत म्हटलं आणि घेतला. ते रडत होते. मी परत दाबलं, म्हणजे ती त्यांच्याकडे वळायची नाही.

ओट्यावर.

जा म्हटलं. आता जनावर अखंड आहे, जा. गाडी हलेपर्यंत तिची नजर इकडेच राहावी म्हणून अजून एकदा दाबलं. मास्तर गेले. गाडीचा आवाज फाटकापर्यंत ऐकला. मग टेकडीच्या मागे. मग नाही.

दार लावलं. कडी घातली.

तीच तारीख, दुपार

ती खोलीत आहे.

कडी तशीच. जाळी तशीच. टेबलाच्या पलीकडे बसली आहे, पाठ ताठ. मी भिंतीला टेकून जमिनीवर. वास येतो, उन्हात तापलेल्या गवताचा.

मी फोटो काढला नाही तर ती अशीच बसेल. आणि मीही. मागच्या खोलीत महिन्याचं खाणं आहे, तिथे जाता येईल, परत येता येईल. मग कोणीतरी येईल. मास्तर परत येतील. तसेच आहेत ते. दादा येईल. दारात उतरेल, पाय टेकून, आत्या कुठे आहे विचारत भाचरं मागे —

नाही. हे इथेच संपवायचं. फोटो मिळाला की गिऱ्हाईक उठून जातं. तीस वर्षांत फोटो मिळाल्यावर एकही बाकावर बसून राहिलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे. आधीच्याचा चेहरा आला नसेल, हात हलला असेल.

माझा हलत नाही.

कॅमेऱ्याला लांब वायर जोडली. डाव्या हातात बटण. उजव्या हातात खुळखुळ्याऐवजी पेन.

लेन्स पकडत नाही. फार जवळ आहे — नुसता पिवळा धूर दिसतो —

खिडकीतली. छोटी. त्याने ती का काढली होती ते कळलं. हात लांब करून घेतली. एककानी बघत होती, थांबली. शहाणी आहे. झाकण काढलं. लावली.

दिसली. सगळी दिसली. नाक, मिशा, फाटक्या कानाची कड. डोळे. डोळ्यांत खिडकी आणि खिडकीखाली मी, एवढीशी, ताठ बसलेली. फराटा नाही. काय चेहरा आहे, बाबा, तुम्ही बघायला हवा होता.

मालकीणबाई, खिळा रिकामा ठेवू नका. दादा, पैज तूच हरलास.

पाठ ताठ. हनुवटी जरा खाली. अशी. नजर इकडे. हलायचं नाही, मीही हलत नाही.

एक, दो